शालिकरामजींच्या वहीतले दोन रकाने

शालिकरामजी टेंभुर्णे यांचा चेहरा दिसण्याआधी मला त्यांचा आवाज ऐकू आला. प्रताप नगरातल्या वाचनालयाच्या सभागृहात रविवारी सकाळी देशोदेशीचे ऐतिहासिक चित्रपट आणि माहितीपट दाखवतात असं कळलं, म्हणून मी गेलो होतो. उजेड अडवायला खिडक्यांवर सतरंज्या टांगलेल्या. पडद्यावर कुठल्याशा थंड देशाची तरुण राणी दरबारापुढे उभी होती आणि पडद्याच्या कडेला, छोट्या दिव्याखाली बसलेले एक गृहस्थ तिचं बोलणं माईकवर मराठीत सांगत होते, "मले तुमची दया नोको. माह्या बापाचं राज्य होतं, ते मले पाहिजे."

मी धरमपेठेतल्या एका शाळेतून मराठीचा शिक्षक म्हणून तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. वर्गातल्या कविता अजून चालीसकट कानात होत्या. राणीच्या तोंडी ही भाषा मला काही रुचेना. चहाच्या वेळी माझी ओळख सांगून मी त्यांना तसं म्हटलं.

"मास्तर, घरी कोणी सभेतल्यासारखं बोलते का?" शालिकरामजींनी विचारलं. "अन् खाली ते इंग्रजी अक्षरं पळून राहिले होते, ते इथं कितीजण वाचू शकतात, विचारा बरं."

मी विचारलं नाही. पुढच्या रविवारी मात्र पुन्हा गेलो, आणि मग जातच राहिलो.

शालिकरामजींची सारी नोकरी कन्हानकडच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर म्हणून झाली. जमिनीखाली जे आहे ते मोजायचं, मगच नकाशावर रेघ ओढायची. ही सवय त्यांनी निवृत्तीनंतर चित्रपटांना लावली. प्रत्येक चित्रपट ते आधी घरी तीनदा पाहतात, त्या काळाचा इतिहास मिळेल तिथून मिळवून वाचतात आणि सगळे संवाद शंभर पानी वहीत मराठीत उतरवतात. वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने असतात. एक 'घडलेलं', दुसरा 'घातलेलं'. राणीला देहदंड झाला, हे घडलेलं. आदल्या संध्याकाळी तिनं बागेत प्रियकराचा निरोप घेतला, हे घातलेलं. माहितीपटालाही यातून सूट नाही. बाईचं रडणं घडलेलं, त्यामागचं व्हायोलिन घातलेलं. हे पान वाचून झाल्याशिवाय सभागृहात चहा येत नाही.

बागेतला निरोप खोटा निघाल्यावर एका सभासदांची मजा गेली. ते तसे म्हणालेही.

"काहून जाते मजा? घातलेलं वाईट नसते, गा," शालिकरामजी म्हणाले. "फक्त कोणतं ते मालूम पाहिजे."

ऐतिहासिक चित्रपट कसा पाहावा याविषयी याहून उपयोगी सल्ला मला कुणी दिलेला नाही.

त्यांचा जिव्हाळाही याच मार्गानं येतो. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा चुकलेला अख्खा चित्रपट त्यांनी मला फोनवर सांगितला. तासभर झाल्यावर मी कंटाळून म्हणालो, "एवढंच सांगा, राजा मरतो की नाही?" ते म्हणाले, "इतिहासात मेला. सिनेमात अजून वीस मिनिटं आहेत. पडून राहा."

पुढे वही आधी मला दाखवायची, असा प्रघात पडला. शुक्रवारी ते येत, मी एखादा शब्द सुचवी. त्यातूनच ती गोष्ट घडली, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला हो म्हटलं.

दूर देशातल्या एका खाणीवरचा माहितीपट होता. खाण कोसळून माणसं गेलेली. शेवटी एक म्हातारी विधवा कॅमेऱ्याकडे पाहत एकच वाक्य बोलते. वहीत होतं, "मी कोणालेच माफ नाही केलं. करणारबी नाही." आमच्याकडे पहिल्या रांगेत सुमनबाई बसत. त्यांचे यजमान खाणीतच गेलेले. मला वाटलं, हे त्यांच्या कानावर कशाला? मी वाक्य खोडून वर लिहिलं, "काळ निवत गेला, तसं माझंही मन निवलं." चांगली लय साधली म्हणून मनात खूशही झालो.

"ते बाई असं बोलत नाही, मास्तर," शालिकरामजी म्हणाले.

"भाव तोच आहे हो," मी म्हणालो. भाव तो नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. शिक्षकाच्या शब्दाला मान देणारा माणूस. त्यांनी वही मिटली. रविवारी त्यांनी तेच वाक्य वाचलं. सुमनबाई चहा न घेता गेल्या.

पुढच्या रविवारी चित्रपट सुरू होण्याआधी शालिकरामजी उभे राहिले. "मागच्या खेपेले मी एक वाक्य खोटं सांगतलं," एवढंच म्हणून त्यांनी तो भाग पुन्हा लावला. म्हातारी पडद्यावर आली, आणि या वेळी त्यांनी खरं वाक्य वाचलं. मी मागच्या खुर्चीवर होतो. माझं नाव निघेल म्हणून खाली पाहत बसलो. ते निघालं नाही.

 मग सुमनबाई म्हणाल्या, "मले समजलंच होतं, भाऊ. तिचं तोंड तसं बोलूनच नव्हतं राहिलं." पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "आणखी एकदा लावा."

त्यांनी आणखी एकदा लावलं. त्या दिवशी सुमनबाईंनी चहा घेतला.

घरी परतताना मी म्हणालो, "माझं नाव सांगायचं होतं."

"आवाज माहा होता," ते म्हणाले, आणि पुढच्या रविवारच्या चित्रपटाचं बोलू लागले. नंतर मी ती वही उघडून पाहिली. 'घातलेलं' या रकान्यात व्हायोलिनच्या खाली लिहिलं होतं: 'एक वाक्य. घालणारा, मी.'

गौरवग्रंथाच्या समितीनं लेख मागितला, तेव्हा मी हे शालिकरामजींच्या कानावर घातलं. "लिहा," ते म्हणाले, "पण घातलेलं नको." मी ते पाळलं आहे. म्हणून सुमनबाईंना आणि आपणा सर्वांना सांगतो, ते वाक्य माझं होतं. शालिकरामजींनी वहीतलं 'मी' खोडून तिथं माझं नाव लिहावं, अशी त्यांना विनंती आहे.

आज ते पंचाहत्तरी पूर्ण करत आहेत. त्यांनी शंभरी गाठावी, डोळे आणि आवाज शाबूत राहावेत, आणि रविवारी दिव्याखालची ती खुर्ची भरलेली असावी, असं मला मनापासून वाटतं. ते हा लेखही पेन्सिल घेऊनच वाचतील. शंभरीचं ते वाक्य तेवढं मी घातलेलं आहे. तूर्त त्याच रकान्यात राहू द्यावं, आणि पंचवीस वर्षांनी, सवडीनं, शेजारच्या रकान्यात उतरवून घ्यावं.