काजलची पात

गीताबाईचे हात सकाळी दहापर्यंत तिचं ऐकत नसत. आमवाताला सहा वर्षं झाली होती. डोळा उघडला की आधी देवाचं नाव घ्यायचं आणि मग एका हातानं दुसऱ्या हाताचं एकेक बोट सरळ करत बसायचं. पाण्याचा तांब्या दोन्ही तळव्यांत दाबून उचलायचा. मांडी घालता येईना, तेव्हा तिनं देवच उंच फळीवर नेऊन ठेवले आणि पूजा उभ्यानं सुरू केली. उन्हं अंगणात उतरली की बोटं सुटत आणि दुपारी हीच बाई भाकरी थापताना दिसे. खरी गोम तिथंच होती. दुपारी भाकरी थापणारी बाई सकाळी तांब्या उचलू शकत नाही, हे कुणाला पटणार?

मोठा मुलगा राजकुमार सतरा वर्षांचा. तो म्हणायचा, "आईचे हात दहाच्या यष्टीनं येतात." धाकटी काजल फिदीफिदी हसायची. पहिल्यांदा गीताबाईही हसली होती. पन्नासाव्यांदा तिला उलथनं फेकून मारावंसं वाटलं, पण ते धरायलाही बोटं मिटत नव्हती. काजल दहावीत होती. शाळेला दोन वेण्या लागत आणि त्या वेळेला आईचे हात कामाचे नसत. मग फणी आपटत ती विचारायची, की दुपारी येते न तुले, मंग सकाळीच काऊन नाही येत. गीताबाई समजावून सांगायची. सांगता सांगता ओरडायची. मग ओरडल्याबद्दल दिवसभर स्वतःवरच चिडलेली असायची.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी सोनाळ्याच्या शिवारात कापूस एकदम फुटला. गावठी वाण होतं तेव्हा वेचा संक्रांतीपर्यंत रमतगमत चाले. बीटी आल्यापासून सगळी बोंडं आठ दिवसांत तोंड उघडतात आणि सगळ्या गावाला एकाच वेळी वेचणाऱ्या बाया लागतात. गीताबाईच्या नवऱ्याला, किसनरावांना, भिमाबाईच्या टोळीतल्या चारच बाया मिळाल्या. पाचवी पात, म्हणजे वेचायची पाचवी ओळ, काजलनं धरावी असं त्यांनी ठरवून टाकलं. तिची सहामाही परीक्षा सोमवारी सुरू होत होती. ते म्हणाले, सहामाहीच आहे, बोर्डाची थोडीच आहे.

गीताबाई म्हणाली, "तिची पात मी धरतो. पोरीचा पेपर बुडणार नाही."

सोमवारी ती पहाटे चारला उठली. गरम पाण्यात हात बुडवून बसली, तेल चोळलं, जप केला. पहिल्या वेच्याला सीतादही करावं लागतं. कापसाच्या झाडाखाली पाच खडे मांडून हळदकुंकू वाहायचं आणि दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. त्याशिवाय बाया बोंडाला हात लावत नाहीत. तिनं कसाबसा भात शिजवला, दही कालवलं आणि डबा फडक्यात बांधला. सात वाजता राजकुमार तिला मोटारसायकलवर वावरात सोडणार होता. सात वाजता दारात राजकुमार नव्हता आणि मोटारसायकलही नव्हती. काजल बिछान्यातूनच म्हणाली, तो मित्रासंगं वरवटला मॅच पाहायला गेला.

आठपर्यंत वाट पाहून गीताबाईनं पोरीला उठवलं, ती तयार होऊन दप्तर-पुस्तक घेऊन ओट्यावर बसल्यावर घराला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला खोचली आणि चालू लागली. वावर कोसभर लांब. गुडघे दगडासारखे जड. अर्ध्या वाटेत समोरून सायकलवर किसनराव आले. बाया खोळंबल्या आहेत, कावल्या आहेत, काजलला आणतो, ती सीतादही करेल, एवढं बोलून ते पुढं निघालेसुद्धा. गीताबाईला कॅरिअरवर बसता येत नव्हतं, म्हणून तो प्रश्नच नव्हता. थोड्या वेळानं तीच सायकल मागून आली. मागं काजल बसलेली, शाळेच्या ड्रेसात, दप्तर मांडीवर. आईजवळून जाताना पोरीनं तोंड फिरवून तुरीच्या पट्ट्याकडं पाहिलं.

गीताबाई पोहोचली तेव्हा सीतादही उरकलं होतं आणि बाया पुढं गेल्या होत्या. पोरीनं कमरेला कापूस भरायची ओटी बांधली होती. आईच्या हातातला डबा पाहून ती म्हणाली, भिमामावशीच्या शिदोरीतलं दही घेतलं.

"काजल, सोड ते. पेपर अकराले आहे. आता निघशील तं पोचशील."

"बरंच झालं बुडला तं. भूमितीचा होता."

पहाटे चारपासून जे जे सोसलं ते सगळं गीताबाईच्या डोक्यात चढलं. हिच्यासाठी हात उकळत्या पाण्यात घातले आणि हिला बरं झालं. ती तोंडाला येईल ते बोलली. काजल बोंडं ओढत ऐकत राहिली आणि मग ओटी झटकून उभी राहिली.

"तू आज वेचशील, अन् चार दिवस पडून राहशील. मंग भाकरी कोण करते? भांडे कोण घासते? तुये पाय कोण चेपते? मीच न. त्याच्यापेक्षा मी इथंच वेचतो. घरात काय दोघीचेच हात आहेत, तुये नाहीतं माये? दादाचे काऊन नाही?"

"तो काय बाई आहे वेचाले?"

बोलून झाल्यावर गीताबाईलाच ते ऐकू आलं. शेजारच्या पातीतली भिमाबाई खुदकन हसली. वेचणारी म्हणजे बाईच, वेचणारा असं या गावात कुणी कधी म्हणालंच नव्हतं. वखर, फवारणी, गाडी भरणं हे गड्यांचं आणि वेचा बायांचा. किसनरावांनी काजल नाहीतर गीता एवढाच हिशेब केला होता. तिनंही तोच केला होता. आठ दिवस देवाला हात जोडून हातच मागितले, आणि घरात धडधाकट दोन हात मॅच पाहत फिरत होते. तिला किसनरावांचा राग आला, पोराचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. राजकुमारला भूक लागली होती.

"आई, किल्ली कुठी आहे? घराले कुलूप आहे."

गीताबाईनं काजलच्या कमरेची ओटी सोडायला हात घातला. गाठ सुटेना. काजलनंच ती सोडली.

"किल्ली संध्याकाळी भेटीन. हे बांध अन् काजलची पात धर."

तो हसला. आई हसत नाही हे पाहून त्यानं बापाकडं पाहिलं. किसनराव म्हणाले, पोरगं वेचताना दिसलं तं गाव हासन.

"हासू द्या. तुमी मोटारसायकल घ्या अन् हिले शाळेत नेऊन सोडा. दहा वाजून राह्यले."

किसनराव जागचे हलेनात. गीताबाई पातीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ही शाळेला निघत नाही तोवर मी इथून हलणार नाही आणि या ओळीला कुणाला हातही लावू देणार नाही. कापूस उन्हात लोंबत होता. किसनरावांनी एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं, आणि किक मारली. काजल मागं बसली. दप्तर तिनं पोटाशी घट्ट धरलं होतं. भूमितीच्या पेपराला जाणाऱ्या पोरीचा चेहरा जसा असतो तसाच तिचा होता. आईचे आभार वगैरे काही त्यात नव्हतं.

राजकुमारनं ओटी बांधली, ती उलटी. भिमाबाई म्हणाली, "या राजकुमारबाई, पदर सांभाळा." साऱ्या बाया हसल्या. त्याचे कान लाल झाले. बोंडाची टोकं त्याच्या नखात शिरत होती. कापसासोबत तो वाळली पानं आणि अर्धं बोंडच ओरबाडत होता.

गीताबाई त्याच्या शेजारची अर्धी पात धरून उभी राहिली. तिची बोटं आता कुठं सुटू लागली होती. दहा पावलांवर राजकुमार थांबला, बोट तोंडात घातलं आणि म्हणाला, हात दुखून राह्यले.

"पानं काढ त्यातले," गीताबाई म्हणाली.