उस्मानाबादी अंक चौथा

कॉमिक्समधला वादळवीर मेला का जगला, या काळजीनं माझी अन् माझ्या मैत्रिणीची झोप उडाली होती. तिसऱ्या अंकाच्या शेवटी दुश्मनानं त्याला कोरड्या विहिरीत लोटलं, वर शिळा ठेवली आणि खाली छापलं, पुढच्या अंकात पाहा. कुठून पाहा? चौथा अंक उदगिरात नव्हताच! स्टँडसमोरच्या दुकानातून निलंग्याच्या कुण्या गिऱ्हाइकानं भाड्यानं नेला तो नेलाच. त्याचं तळपट होवो, असं आम्ही दोघी रोज म्हणायचो.

तसा एक चौथा अंक दुकानात दोरीला टांगलेला होता, पण तो लातुरी! घोळ असा झाला होता की कंपनीनं मध्येच वादळवीराला नवा मुखवटा दिला, त्याची गोष्ट मुळापासून नव्यानं सुरू केली अन् अंक पुन्हा एकपासून मोजले. नाव मात्र तेच. नेमकं त्याच सुमारास आमचं उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यातून निघून नव्या लातूर जिल्ह्यात आलं, आणि दुकानदारानं कॉमिक्सवर मारायचा शिक्का बदलला. जुन्या अंकांवर 'जि. उस्मानाबाद', नव्यांवर 'जि. लातूर'. झालं! आमच्या गल्लीत जुनी मालिका उस्मानाबादी अन् नवी लातुरी. उस्मानाबादी वादळवीर रागीट, केस पिंजारलेला, आमच्या जिवाचा. लातुरी नुसता गुळगुळीत, त्याला त्या विहिरीचा पत्ताच नाही. साऱ्या दुनियेत हीच नावं चालतात, अशी आमची खात्री होती.

त्यात मैत्रिणीच्या वडिलांची बदली लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत झाली. येत्या रविवारी त्यांचं बिऱ्हाड हलणार होतं, आणि शेवट दोघींनी मिळूनच वाचायचा अशी आमची शपथ होती. म्हणून बाबा कामासाठी लातूरला निघाले तेव्हा मी दारापर्यंत मागं धावले. "बाबा, उस्मानाबादी चार आणा. लातुरी न्हाई, उस्मानाबादी!"

संध्याकाळी बाबा तापूनच आले. "चार दुकानं हिंडलो. दुकानदार म्हणतो, काका, उस्मानाबादचा माल उस्मानाबादेत मागा, ह्यो लातूर जिल्हा हाय! लोक हसाया लागले माझ्यावर." आणि पिशवीतून काढला तो लातुरी चार. मी असा गळा काढला की शेजारची काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. रविवारी मैत्रीण गेली.

मग तो उन्हाळा आला. आड आटले, बोअर गचके देऊ लागले, अन् टँकरच्या रांगेत घागरी सकाळपासून बसू लागल्या. वेळ जाईना म्हणून मी रांगेतल्या बायांना तिन्ही अंक वाचून दाखवले. शेजारची काकू रोज खेकसायची, "अगं, त्याला काढ की बाहेर! किती दिस ठिवतीस विहिरीत?" मी काय डोंबल काढणार?

आणि सुट्टी लागली तशी मैत्रीण लातूरच्या गाडीतून उतरली ती थेट रांगेत. पिशवीतून तिनं जुनाट अंक काढला. रागीट तोंड, पिंजारलेले केस, आकडा चार! रद्दीवाल्याकडं सापडला होता, दिवाळीलाच.

"दिवाळीलाच? मग वाचलंस?"

"तुझ्याबिगर कशी वाचू? शपथ हाय की."

मला रडूच फुटलं. तिथंच घागरी बाजूला सारल्या, दोघींनी एकेक पान धरलं आणि मी ओरडून वाचायला लागले. वादळवीरानं तळाच्या खडकावर बुक्की हाणली. खडक फुटला, पाणी उसळलं, विहीर भरत आली, तो पाण्यासंगं वर वर आला आणि शिळा भिरकावून बाहेर! "जगला! जगला!" आम्ही एकमेकींना मिठी मारून नाचलो.

रांगेत मात्र कुणी हसलंसुद्धा नाही. शेजारच्या काकूनं विचारलं, "किती खोलावर लागलं गं पाणी?"

"लिहिलं न्हाई काकू."

ती आपल्या पालथ्या घागरीवर बसली. "तेवढं पाण्याचं पुन्हा वाच," ती म्हणाली, "सावकाश वाच."