तोफगोळ्याचा भाव

आमची ही सातवीला गणित शिकवते, आणि गप्प बसणं तिच्या स्वभावातच नाही. लढाई सुरू होऊन वर्ष झालं होतं. खर्चाचे आकडे रोज बातम्यांत येत, लोक ते ऐकत आणि चहा ढवळत. "एवढी शून्यं कुणाला कळतात?" ही म्हणाली. "गळकं छप्पर सगळ्यांना कळतं. अहो, एका वर्गाचे पत्रे बदलायचे तुम्ही किती घ्याल?"

मी पत्र्याची कामं करतो. भोळेपणाने दर सांगून बसलो.

दुसऱ्या दिवशी तो दर फळ्यावर! शेजारी पेपरात छापून आलेली एका तोफगोळ्याची किंमत. एका गोळ्याच्या पैशात किती वर्गांचे पत्रे बदलतील? उत्तर आलं तीन. मुलं घरोघर तेच सांगत सुटली, आणि आठवड्याच्या आत एका पालकाने तक्रार ठोकली की बाई मुलांना फितवतात.

चौकशीला वरून साहेब येणार, नोकरीवर गदा येऊ शकते, असं मुख्याध्यापकांनी बजावलं. माझं धाबंच दणाणलं. आमचं घर पत्र्यांवर नाही, हिच्या पगारावर चालतं. चारचौघांत मी हे सांगत नाही.

"माफी माग आणि मोकळी हो," मी म्हणालो.

"गणिताची कसली माफी?"

सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही!

चौकशीच्या दिवशी मी वर्गाबाहेरच्या बाकावर बसून होतो. आत कोपऱ्यातल्या बादलीत टपटप चालली होती. साहेबांनी गणित स्वतः सोडवलं, दोनदा.

"बाई, हे चुकलंय."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"कुठे?" हिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"गोळ्याची किंमत गेल्या वर्षीची धरलीत. आता दुप्पट झालीय, सरकारी पत्रकातच आहे. मुलांना शिळे आकडे देऊ नका. रीत बरोबर आहे. तक्रार निकाली."

माझा जीव भांड्यात पडला. मी एकटाच हसत सुटलो. शिपाई बघतच राहिला. घरी येताना ही मात्र मान खाली घालून. "इतका जुना दर! लाज वाटते हो." नोकरी वाचली त्याचं काहीच नाही! मला एवढं हलकं वाटत होतं की वह्यांची पिशवीसुद्धा मीच उचलली.

सकाळी तिने फळ्यावरचं उत्तर सुधारलं: सहा. आमच्या शाळेला वर्गच सहा. सगळ्या मुलांनी म्हणे फक्त वर पाहिलं.