सभासदत्व रद्द

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी सेनगावात शिक्षिका होते. आम्ही काही जण मिळून एक छोटं वाचनालय चालवायचो. महिन्यातून एकदा एखाद्या पुस्तकावर चर्चा व्हायची. त्या महिन्यात एक कादंबरी घेतली होती. तिच्यात छोट्या गावातला एक पुरुष साडी नेसून चौकात येतो आणि सांगतो, मी बाई आहे.

आमचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. बोलताना त्यांचा गळा भरून आला. "अशा माणसांना आपण जवळ घेतलं पाहिजे," म्हणाले आणि रुमालानं डोळे टिपले. टाळ्या पडल्या.

मागच्या रांगेत पुसेगावचा एक सभासद होता. मेंढरं राखणाऱ्या घरातला, तिशीचा, दर शनिवारी जीपनं येऊन पुस्तकं नेणारा. तो उठला.

"सर, ती बाई मला पटली. मी बी बाईच हाय, लहानपणापासून. आज पहिल्यांदा बोलून राहिले."

'राहिले' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. कुणीतरी फिस्सकन हसलं. शेजारच्या वकिलानं खुर्ची लांब सरकवली. सरांनी तोच रुमाल नाकाला लावला, जणू काही घाण वास आला होता. चहाचा ट्रे तिच्यासमोरून न थांबता पुढं गेला.

सोमवारी सरांनी एक कागद फिरवला. सभासदत्व रद्द, कारण, वाचनालयात लेकीसुना येतात.

"बाई, तुमचीही सही पाहिजे," सर म्हणाले. "बायकांची तक्रार आहे असं दिसायला हवं."

माझी काही तक्रार नव्हती. तरी मी सही केली. कागदाची प्रत तिच्या घरी गेली.

आठवड्यानं ती कादंबरी कपाटात लावताना मी उघडली. समासात घाणेरडी चित्रं काढली होती, खाली तिचं नाव. अक्षर वकिलाचं होतं. ही माणसं रोज मला अदबीनं नमस्कार करत होती, आणि मी त्यांच्याच रांगेत सही करून बसले होते.

रविवारी मी पुसेगावला गेले. अंगणात तिची आई होती.

"काहून आलात, बाई?"

"माफी मागायला."

आईनं आत हाक मारली, "पोरी, शाळेच्या बाई आल्यात."

ती आली. अंगावर आईचं जुनं लुगडं.

"कागदावर सही तुमचीच व्हती ना?"

"व्हय."

"मंग बसू नका. मला मेंढरं सोडायचीत."

मी वाचनालय सोडलं. सर पुढं कितीतरी सभांतून तेच भाषण देत राहिले, त्याच जागी गळा भरून आणत. ती पुसेगावातच राहिली. बाजाराच्या दिवशी जीपमध्ये बायकांच्या बाकावर बसून यायची. मी दिसले की तोंड फिरवायची. तिचं काही चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही.