कॅसेटमधली किनार

कुठलीही वस्तू दुरुस्तीला आली की तो आधी तिच्यावर हाताची मागची बाजू टेकवायचा, पोराचा ताप बघतात तशी. मग म्हणायचा, "डोकं नंतर. आधी पोट बघायचं." पोट म्हणजे वीज जिथून आत शिरते तो भाग. गिऱ्हाईक सांगत असायचं, आवाज येत नाही, चित्र हलतं. तो सगळं ऐकून घ्यायचा आणि पोटच उघडायचा. बहुतेक वेळा बिघाड तिथेच निघायचा. नाही निघाला तर दिवसभर कोणाशी बोलायचा नाही.

जव्हारच्या बाजारात त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आणि माझी पिठाची गिरणी, मध्ये एक भिंत. वीज एकाच तारेवरून दोघांना. तो मला भाभी म्हणायचा, मी त्याला भाई. नवरा गेल्यावर गिरणी मी चालवायला घेतली, तेव्हा अख्ख्या बाजारात "चालेल की, भाभी" म्हणणारा तो एकटा. बाकीच्यांचं काय म्हणणं होतं ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

त्याच्याकडे एक जुना कॉम्प्युटर होता. हल्लीसारखा नाही. टाइपरायटरसारखा चपटा डबा, तार टीव्हीला जोडायची. मेहुण्याने कुवेतहून आणलेला. कोणालाच त्याचं काय करायचं कळेना, म्हणून त्याची बायको त्याच्यापुढे बसली. ती ओढण्यांवर कशिदा काढून विकायची. टीव्हीवर चौकटी भरून ती किनारीची नक्षी तयार करायची आणि टेपच्या कॅसेटवर उतरवून ठेवायची, गाणी ठेवतात तशी. तो मला सांगायचा, "मी नुसता दुरुस्त करतो, भाभी. ती बनवते."

ती गेली. डबा कपाटावर गेला.

मग भिवंडीहून त्याच्या मुलीचा फोन आला. नातीचं लग्न ठरलं होतं आणि तिच्या ओढणीवर अम्मीची किनार हवी होती. काढलेल्या सगळ्या ओढण्या विकल्या गेलेल्या. विकलेलं कुठे मागणार? नक्षी उरली होती ती कॅसेटमध्ये. लग्नानंतर त्याने तिकडेच राहायचं, हेही ठरलं होतं. ते त्याने मला शेवटी सांगितलं, चहा संपल्यावर.

त्याने डबा खाली काढला. आधी पोट. विजेच्या तारेत मध्ये एक साधा बल्ब घालून बघितलं. बल्ब भक्क पेटला, म्हणजे आत शॉर्ट. शॉर्ट काढला. आता मशीन लागलं, पण कॅसेटवरची नक्षी आत जायला वेळ लागतो, आणि अर्ध्यावर आलं की पडदा कोरा. पुन्हा पहिल्यापासून. एक भाग फार तापतो म्हणून त्याला थंड ठेवायला पत्रा हवा होता. माझ्या पातेल्यावरचं झाकण मागायला आला.

"पूर्ण नको, भाभी. तुकडा बस."

"झाकणाचा तुकडा घेतलास तर उरलेल्याचं मी काय करू?"

घेऊन गेला. तरी अर्ध्यावर बंद.

मग म्हणाला, कंडेन्सर फुगलाय. त्यातच वीज साठून राहते, तोच कच्चा असेल तर मशीन तग धरत नाही. नाशिकहून एसटीने नवा मागवला. तो आला नेमका बाजाराच्या दिवशी, आणि भाईने लगेच बसवून टेप लावली. माझ्याकडे खोडाळ्यापासूनची माणसं नागली घेऊन रांगेत. मी मोटार चालू केली आणि पलीकडून त्याचा हताश आवाज ऐकू आला. बंद केली, परत चालू केली, परत तेच.

मी पिठाच्या हातांनी त्याच्या दारात गेले. "भाई, तुझं मशीन बरं आहे. माझी गिरणी उठली की तुझा दिवा मान खाली घालतो."

"स्टॅबिलायझर लावलाय, भाभी. त्याला काय होतंय?"

"तोच टक् करतो. त्या टक्मध्येच तुझं मशीन मरतं. कान आहेत ना?"

गिरणीत हाताखाली असलेल्या पोरीला मी मोटार चालू करायला सांगितली. त्याने ऐकलं. टक्. पडदा कोरा. त्याने स्टॅबिलायझर काढून खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. "थोडा वेळ थांबवता गिरणी?"

थांबवली. रांगेतली एक बाई कुरकुरली, "आजी, दलून दे ना. जीप निंगल माझी."

"निघू दे. दुसरी येईल."

टेप कर्कश ओरडत राहिली. मग टीव्हीवर किनार उमटायला लागली, वरून खाली, ओळीओळीने. वेल होती, आणि वेलीत मधून मधून कैरी. तो वहीचा कागद पुढ्यात घेऊन, पेन्सिल हातात धरून बसला. मी परत येऊन रांगेला सांगितलं, आज दळण नाही, पलीकडच्या गिरणीत जा. काहींनी शिव्या घातल्या. घालू देत.

संध्याकाळी लाईट गेली. मी बघायला गेले. टीव्ही काळा, आणि कागदावर एक रेघ नव्हती.

"दिवसभर काय केलंस?"

"बघत होतो."

"लाईट आली की परत लाव. मी थांबते."

"नको, भाभी. लोकांचं दळण राहिलंय."

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर लावलं आणि भराभर उतरवून घेतलं. हिशेबाचा कागद असावा तसं. तुम्ही अशी माणसं बघितली असतील, ज्यांचं बघून झालेलं असतं.

ओढणी छान झाली. फोटो मुलीने पाठवला. तो भिवंडीला गेला तो तिकडचाच झाला, आणि गेल्या थंडीत तिकडेच वारला. मला चार दिवसांनी कळलं.

त्या गाळ्यात आता मोबाईलची कव्हरं विकणारा माणूस आहे. त्याच्याकडे इन्व्हर्टर आहे, दिवसभर सगळे दिवे लावतो. मी गिरणी कधीही चालू करो, त्याचा एक दिवा मान खाली घालत नाही, त्याला पत्ता नसतो. सकाळी नमस्कार करतो, माझी गोणीसुद्धा उचलून देतो. माणूस चांगला आहे. मला खपत नाही.