अंगाईला हवे होते चौदा डेसिबल

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत लिफ्ट मधेच अडकली की लोक चौथ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटकडे बघून कुजबुजायचे. मी लिफ्टच्या मेकॅनिकला फोन लावायचे. एकतीस वर्षं एका कॉलेजची लायब्ररी सांभाळली. पुस्तक जागेवर नसेल तर ते कोणीतरी हलवलेलं असतं, आणि तो कोणीतरी जिवंत असतो, अशी माझी ठाम समजूत होती. त्यामुळे जे घडलं त्याची मला भीती वाटली नाही. राग आला... आणि तो अजून गेलेला नाही.

हे लिहिलं आहे ईरा आणि नीलसाठी. माझी नातवंडं, कॅलगरीला असतात. ईरा मराठी वाचते, ती नीलला वाचून दाखवेल. मधूनच ‘तुमचे आजोबा’ असं आलं तर या सदराच्या बाकी वाचकांनी चालवून घ्यावं.

तुमचे आजोबा तळोज्याला एका केमिकल कंपनीत होते. आठवडाभर कारखाना आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये गाण्याची बैठक. आजोबा गायचे, त्यांचे दोन मित्र पेटी आणि तबल्यावर. मी आत, चहा आणि पोह्यांवर. सगळं टेप व्हायचं. टेपरेकॉर्डर आजोबांच्या गुडघ्याशी असायचा, आणि आवाज किती टिपायचा त्याचं गोल बटण फक्त त्यांनीच फिरवायचं, असा घरातला नियम. त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. गेल्या दिवाळीनंतर मी त्या सगळ्या कॅसेट वाशीच्या एका दुकानात देऊन कॉम्प्युटरवर घालून घेतल्या. बासष्ट गाणी. एकसष्ट त्यांची, एक माझं.

माझं म्हणजे अंगाई. माझ्या आईनं स्वतः रचलेली, तिच्या माहेरच्या भाताच्या खाचरांची, बांधावरच्या बगळ्यांची. समीर, म्हणजे तुमचा बाबा, सात-आठ महिन्यांचा असताना एका बैठकीत मित्रांनी फारच आग्रह केला म्हणून गायले. ती येणारं आज माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि थायरॉइडच्या ऑपरेशननंतर माझा गळा गाण्याच्या कामाचा राहिलेला नाही. म्हणजे ती अंगाई आता फक्त त्या टेपमध्ये आहे. तुम्ही ती ऐकावी एवढीच माझी इच्छा होती.

गाणी पाठवली. रविवारी व्हिडिओ कॉलवर ईरा म्हणाली, “आजी, आजोबांच्या गाण्याला आम्ही दचकतो आणि तुझ्या गाण्यात काहीच ऐकू येत नाही. सारखा व्हॉल्यूम कमी-जास्त करावा लागतो.”

“मी सगळी सारखी करून पाठवते,” मी म्हटलं.

त्यासाठी एक फुकट प्रोग्रॅम मिळतो. तो प्रत्येक गाणं मोजतो, किती मोठं आहे ते ठरवतो, आणि सगळी एका पातळीवर आणायला कोणाचा आवाज किती वाढवायचा, किती कमी करायचा त्याचा आकडा पुढे लिहितो. रिटायर झालेल्या लायब्रेरियनला याहून आवडीचं काम नाही. मी बासष्ट गाणी लावली आणि यादी वाचायला घेतली. आजोबांची गाणी: वजा दोन, वजा तीन, वजा दोन... आणि अंगाईपुढे अधिक चौदा.

अधिक चौदा!

त्याच कॅसेटवर, माझ्या अगदी आधीचं त्यांचं गाणं वजा दोन. माझ्या लगेच नंतरचं वजा तीन. तोच मायक्रोफोन, तीच खोली, तीच माणसं. मी अंगाईची सुरुवात कान देऊन ऐकली. लोकांची कुजबुज चालू आहे, कोणीतरी “वहिनी, या ना” म्हणतंय, आणि ती कुजबुज हळूहळू खाली जाते, तिच्याबरोबर पंख्याची घरघरही. मग मी गायला लागते. बटण फिरवलेलं होतं.

हे समजायला हवं असेल तर त्या संध्याकाळी नंतर काय झालं ते ऐका. बैठक संपल्यावर आजोबांनी टेप मागे घेऊन वाजवली. माझा आवाज मुंगीसारखा. ते म्हणाले, “बघ, तुझ्या आवाजाला अंगच नाही. माइकला झेपत नाही तो.” मित्र हसले. मीही हसले. आणि पुन्हा कधी कोणासमोर गायले नाही. समीरलासुद्धा दार लावून घेऊन झोपवलं. जवळजवळ चाळीस वर्षं मी हे खरं मानलं, आणि एका फुकट प्रोग्रॅमनं एका दुपारी ते खोटं ठरवलं. मला जो राग आला तो लिहून दाखवता येणार नाही. ज्याच्यावर आला तो माणूस भांडायला शिल्लक नव्हता — असं तेव्हा वाटलं.

मी अंगाई चौदा डेसिबल वाढवली आणि लावली. दुपारचे चार वाजले होते, हॉलमध्ये लख्ख उजेड. समीरनं दिलेले दोन छोटे स्पीकर. टेपची खरखर वाढली, तशी ती वाढतेच. पंख्याची घरघर वाढली. कपबशीचा आवाज आला. माझे पहिले दोन शब्द खणखणीत आले... आणि मग माझा आवाज उतरत गेला. पंखा जागच्या जागी, खरखर जागच्या जागी. फक्त मी खाली, खाली, जसं कोणी सावकाश बटण फिरवतंय.

पुसून परत केलं. तेच. दुकानानं दिलेल्या मूळ पेनड्राइव्हवरून नव्यानं घेतलं. तेच. प्रोग्रॅम म्हणतो, सगळं सारखं आहे.

समीरला फोन केला.

“आई, तू चुकून पूर्ण अल्बम एकदम वर-खाली करायच्या खुणेवर क्लिक केलं असशील. त्यात गाण्यागाण्यातला फरक तसाच राहतो.”

“समीर, मी चुकीच्या खुणेवर क्लिक करत नाही.”

“मग एकदा कान तपासून घे ना.”

“कान तपासते. तू तुझी जीभ तपास,” म्हटलं आणि फोन ठेवला. तोही शेवटी त्यांचाच मुलगा.

दुसऱ्या दिवशी चारला खालच्या मजल्यावरच्या कदम वहिनी माझा डबा परत द्यायला आल्या. साताऱ्याच्या, कान माझ्यापेक्षा तिखट. काहीही न सांगता त्यांना बसवलं आणि अंगाई लावली.

“अवो वैनी, कोन गातंय हे? ग्वाड आवाज हाय... आँ? बारीक का केला? चांगला चालला हुता की.”

“मी हात लावला नाही, वहिनी. माझे दोन्ही हात बघा.”

त्यांनी माझे हात बघितले. मग स्पीकर बघितले. मग मला बघितलं.

आणि माझा तोल गेला. आयुष्यात मी तुमच्या आजोबांवर ओरडले नव्हते. वाद झाला तरी हळू आवाजात, शेजारी ऐकतील म्हणून. त्या दुपारी मी हॉलच्या मधोमध उभी राहून ओरडले, “अहो! काढा हात त्या बटणावरून! एकसष्ट गाणी आहेत तुमची. माझं एक आहे, एक! ते माझ्या नातवंडांना ऐकू द्या!”

कदम वहिनींनी पदर तोंडाला लावला.

आणि आवाज वर आला. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर, एकदम, झटक्यानं, रागानं सोडल्यासारखा. अठ्ठावीस वर्षांच्या बाईचा आवाज. बारीक नव्हता तो, बाळांनो. भरलेला होता, सरळ होता, खाचरापलीकडे ऐकू गेला असता. मी तो पहिल्यांदा ऐकत होते. वहिनी रडत होत्या, मी नाही. मला रडायलासुद्धा सुचत नव्हतं, इतका संताप होता.

त्यानंतर अंगाई नीट आहे. कितीही वेळा लावा. सारख्या केलेल्या बाकी एकसष्ट गाण्यांसकट ती मी तुम्हाला त्याच संध्याकाळी पाठवली.

इथे गोष्ट संपली असती तर मी ही स्पीकरची तक्रार म्हणून सोडून दिली असती. पण पुढच्या दिवशी मी बाकीची यादी तपासायला घेतली. आजोबांचं पहिलं गाणं लावलं. पेटी आली, तबला आला, मित्रांची दाद आली. आजोबा आले नाहीत. दुसरं लावलं, तिसरं लावलं. एकसष्टच्या एकसष्ट. पेटी सुराची वाट बघते, तबला समेवर येतो, लोक “वा” म्हणतात, आणि मधे काहीच नाही. प्रोग्रॅमचे आकडे तेच, जागेवर.

कदम वहिनींना बोलावलं. त्यांनी तीन गाणी ऐकली.

“बाजा वाजतोय न् मानूस गप,” त्या म्हणाल्या. मग त्यांना हसू आलं. “वैनी, रागावू नका, पन आमचं ह्ये बी असंच. भाजीला नाव ठेवलं म्हनून येकदा बोलले मी, तर आठ दिस तोंड न्हाई उघडलं. भावजींनी अबोला धरलाय, दुसरं काय!”

मी हसले नाही. कारण तुमच्या आजोबांचा अबोला मला पाठ आहे. चूक त्यांची निघाली की ते रागवायचे नाहीत, बोलणं बंद करायचे. एकदा सतरा दिवस. मी समोर उभी असताना समीरला म्हणायचे, “आईला सांग, माझा डबा भर.” आणि तो बिचारा मान वळवून मला सांगायचा, “आई, बाबा म्हणतात डबा भर.” शेवटी मीच जायचे, चहाचा कप पुढे करून काहीतरी विचारायचे. दर वेळी मीच.

रविवारी सकाळी, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी संध्याकाळी, मी ईराला विचारलं, “आजोबांची गाणी कशी ऐकू येतात आता?”

“मस्त! सगळं एकसारखं आहे, आजी. तुझी अंगाई तर नील रोज लावतो.”

“आजोबांचा आवाज येतो?”

“येतो की. असं का विचारतेस?”

मी तिला पहिलं गाणं लावायला सांगितलं, आणि तीच फाइल माझ्याकडेही लावली. फोनमधून, कॅलगरीहून, तुमचे आजोबा गात होते. सुरेल, तब्येतीत. माझ्या समोरच्या स्पीकरमधून पेटी आणि तबला. फाइल तीच होती. समीरनं दोन्ही तपासल्या, अक्षराचाही फरक नाही. हल्ली तो कानाचं नाव काढत नाही.

माझ्याकडे याचं उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे असेल त्यांनी मला खुशाल कळवावं. स्पीकर बदलून झाले, लॅपटॉप बदलून झाला. तीन महिने झाले, या घरात तो माणूस गप्प आहे.

ईरा, नील, तुमच्याशी ते बोलताहेत, म्हणून एक निरोप द्या. लाजू नका, त्यांचं गाणं लावा आणि मोठ्यानं सांगा. म्हणावं, आजी म्हणते, ‘बटण मी फिरवलं’ एवढं आधी कबूल करा. चहा आणून आधी बोलायला ती या वेळी येणार नाही.