दाराआडून

बिबडी भाजल्याचा खरपूस वास आला की मला नांदुऱ्याचं आमचं अंगण आठवतं. खाटेवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत होत्या आणि आईने मला राखणीला बसवलं होतं. मी दहा वर्षांची. खाटेच्या पायाशी मुंग्या एक मेलेला टोळ ओढत होत्या, त्यांच्यातच मी हरवले. शेजारची बकरी आली, एक आख्खी ओळ खाऊन गेली, मला पत्ताच नाही.

तेवढ्यात दारामागून आई बाहेर आली. ती तिथे लपून मला पारखत होती.

"मुंग्यायकडं घंटाभर पाह्यते, अन् बकरी दिसत नाही तुले? ढोंग करून राह्यली तू!"

"खरंच नाही दिसली, माय."

तिचा विश्वास बसला नाही. हळूहळू माझाही माझ्यावरचा उडाला. आज वाटतं, बकरी तर आईला दिसत होती! पण बिबड्या वाचवण्यापेक्षा तिला माझी लबाडी पकडायची होती.

काल डॉक्टरांनी माझ्या मुलीला, मुक्ताला, एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याची अडचण, असल्याचं सांगितलं.

"पण चित्रं काढत ती तासन् तास बसते," मी म्हणाले.

"आवडीत बुडते, पण तिथून लक्ष काढून दुसरीकडे नेणं तिला जमत नाही. हेही त्यातलंच."

मी मान डोलावली.

आज मुक्ताला गणितं सोडवायला बसवून मी गॅसवर बिबडी टाकली. ती जळाल्याचा वास आला, तेव्हा मी मुक्ताच्या दाराआड उभी होते.